यंदा न आलेल्या बायका

लँडलाइन फोन आता आमच्या इमारतीत कुणाकडेच राहिलेला नाही. तरी टीव्हीवरच्या एखाद्या जुन्या मालिकेत तसली घंटी वाजली की मी हातातलं काम टाकून उभी राहते आणि आधी समोरच्या दाराकडे बघते. नवरा म्हणतो, "अगं, टीव्ही आहे. बस खाली." मी बसते. पण पुढची दहा मिनिटं माझं कशातच लक्ष लागत नाही.

समोरच्या घरात तेव्हा वहिनी आणि त्यांच्या सासूबाई राहायच्या. दोन हजार सालानंतर लगेचच आम्ही दोन्ही कुटुंबं मीरा रोडला आलो. आम्ही गिरगावातून, त्या लालबागहून. इमारत इतकी नवी की जिन्याला रंगाचा वास यायचा आणि पाणी टँकरचं. वहिनी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, अंधेरीला एका ऑफिसात कामाला. मूलबाळ नव्हतं. नवरा आखातात फिटर होता, दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचा. सासूबाई रत्नागिरीकडच्या, सगळ्या मजल्याच्या आजी. मुलाचा फोन दर शुक्रवारी दुपारी यायचा आणि त्या दिवशी आजी सकाळपासूनच फोनशेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसायच्या. आंघोळसुद्धा घाईत उरकायच्या. फोन दुसऱ्या घंटीच्या आत उचलला गेला नाही तर मुलाचे पैसे फुकट जातात, अशी त्यांची ठाम समजूत होती.

माझी नोकरी भाईंदरला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. खालच्या गाळ्यांत स्टीलची भांडी बनायची आणि वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. दिवसभर खालून ठोकाठोक आणि पॉलिशच्या मशीनची घरघर. आम्ही आठ बायका-मुली आठ कॉम्प्युटरवर बसून एकच काम करायचो, नावं टाइप करायची. दुकानांतल्या लकी ड्रॉची कुपनं, प्रदर्शनांत भरून घेतलेले फॉर्म, असलं काय काय पोत्यांतून यायचं. कोण कुठे राहतं, फोन नंबर काय, घरात माणसं किती. त्याच्या याद्या व्हायच्या आणि त्या याद्या आमचे साहेब विकायचे. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे घ्यायचे, क्लासवाले घ्यायचे, विमावाले घ्यायचे. 'डेटा' हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. घरी मात्र मी "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगायची, आणि तेही थोडं मिरवूनच.

हळदीकुंकवाची कल्पना साहेबांची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये हळदीकुंकवांचा सपाटा असतो. साहेबांनी खालच्या गाळ्यातून स्टीलच्या छोट्या डब्या स्वस्तात उचलल्या आणि सोसायट्यांना सांगितलं, वाण आमच्याकडून फुकट, फक्त आलेल्या बायकांनी आमच्या वहीत नाव लिहायचं. वहीत रकाने आखलेले. नाव, फ्लॅट, फोन, मिस्टर काय करतात, मुलं किती. फुकट वाण म्हटल्यावर सोसायट्या खूश. बायका रांगेत उभ्या राहून लिहायच्या, एकीचं पेन चाललं नाही तर दुसरी पर्समधून काढून द्यायची.

मी स्वतः डब्यांची पोती घेऊन हिंडले. राई गावापर्यंत गेले, मुर्ध्यापर्यंत गेले. नाही कुणी म्हणालं नाही, फक्त मुर्ध्याला एक मासळी विकणारी बाई भेटली. तिनं डबी उलटीसुलटी करून बघितली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"वान द्याचा हाय तर दे," ती म्हणाली. "नाव कशाला पायजे?"

"असंच. आठवण म्हणून," मी म्हटलं.

"माजी आठवण तुला कशाला? न्हाय लिवत मी."

आणि डबी परत माझ्या हातात ठेवून ती चालायला लागली. मला तिचा राग आला. एवढी साधी गोष्ट आणि केवढा ताठा, असं मी येताना रिक्षात शेजारच्या बाईला सांगितलंसुद्धा. तिचा प्रश्न मात्र बरोबर होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तर राग आला होता.

त्या पहिल्या वर्षी आमच्या सोसायटीचं हळदीकुंकू इमारतीखालच्या पार्किंगमध्ये झालं. वहिनी आल्या, निळी साडी नेसून. त्यांनी वळणदार अक्षरात सगळे रकाने भरले. मिस्टरांच्या रकान्यात 'गल्फ' असं लिहिलं आणि डबी घेऊन हसत वर गेल्या.

त्याच वर्षी पावसाळ्यात आजींना हार्ट ॲटॅक आला. त्या वाचल्या, पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं, कसलाही धक्का नको. गणपतीच्या जरा आधी वहिनी दोन आठवडे भावाकडे जाऊन राहिल्या. भावाचं ऑपरेशन आहे म्हणाल्या. आजींचं जेवणखाण मी बघितलं. परत आल्या त्या वाळलेल्या दिसल्या, पण आजारपण उस्तवारून आलेलं माणूस असंच दिसतं. शुक्रवारचे फोन त्यानंतर बंद झाले. वहिनींनी आजींना सांगितलं, त्यांना लांबच्या साइटवर पाठवलंय, तिथे फोन नाही, कधीतरी माझ्या ऑफिसात करतात, तुमची चौकशी करत होते. आजींना ते पटलं. फक्त आता त्या शुक्रवारपुरत्या न बसता रोजच फोनजवळ बसायला लागल्या.

पुढच्या संक्रांतीला सोसायटीचं हळदीकुंकू पुन्हा झालं आणि वहिनी आल्या नाहीत. मी आपली त्यांची डबी घेऊन वर निघाले. त्या जिन्यातच भेटल्या, कामावरून येत होत्या. मी डबी पुढे केली आणि हळदीकुंकवाची कुयरी उघडली. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"मला नको लावू," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, अडचण असेल. मी म्हटलं, "मग उद्या-परवा लावते."

त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. नवरा गणपतीच्या आधीच गेला होता. तिथेच, कामावर, छातीत दुखून. भावानं विमानतळावरून परस्पर सगळं केलं. दिवस भावाच्या घरी झाले. आजींना सांगितलेलं नव्हतं. आधी डॉक्टर म्हणाले महिनाभर थांबा, मग महिन्याचे पाच झाले. कपाळावर टिकली होती, गळ्यात मंगळसूत्र होतं, मी ते रोज बघत होते.

"रोज सकाळी टिकली लावते ना, ती आईंसाठी," वहिनी म्हणाल्या. "ते मला जमतं. पण तुझ्या हातचं कुंकू कसं घेऊ गं? ते मात्र खोटं होईल."

मी रडले. त्या नाही रडल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आईंना मीच सांगणार आहे. माझ्या तोंडून. त्या जरा चालत्या-फिरत्या झाल्या की. तोवर तू कुणाला बोलू नकोस." मी त्यांच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही उठून घरात दोन फेऱ्या मारून याव्या लागतात.

फेब्रुवारीत साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. गुंतवणुकीच्या योजना विकणाऱ्या काही पार्ट्या आल्या होत्या. त्यांना अशी यादी हवी होती की ज्यात बायकांच्या हातात नुकतेच एकरकमी पैसे आलेत आणि ते कुठे ठेवायचे हे सांगायला घरात कुणी नाही. साहेब म्हणाले, "असं काय आहे आपल्याकडे? डोकं चालवा जरा."

आणि माझं डोकं चाललं. मी म्हटलं, "सर, हळदीकुंकवाच्या दोन वर्षांच्या वह्या आहेत. मागच्या वर्षी आलेल्या आणि यंदा न आलेल्या बायका काढायच्या. घर सोडून गेलेल्या वगळायच्या. उरतील त्यांच्यातल्या बऱ्याच…" पुढचं मी बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. साहेब खुर्चीत सरळ बसले. "अरे वा," ते म्हणाले. "ह्याला म्हणतात डोकं!"

इतर मुलींनी माझ्याकडे वळून बघितलं. मला काय आनंद झाला! तो आनंद मी लपवणार नाही. बारावी पास बाई, आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला हुशार म्हणत होतं. ही कल्पना कुठून आली हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. गच्चीवरून आली होती. मी गुपित फोडलं नव्हतं, नाव घेतलं नव्हतं. फक्त त्यातली खूण तेवढी उचलून टेबलावर ठेवली होती.

दोन दिवसांत यादी तयार झाली. दोन्ही वर्षांची नावं कॉम्प्युटरमध्ये होतीच, एकमेकांसमोर लावायची आणि न जुळलेली वेगळी काढायची. मी स्क्रीनवर यादी खाली खाली सरकवत होते आणि एकदम आमच्या इमारतीचं नाव आलं. बी विंग, तिसरा मजला. वहिनी. 'गल्फ'. खरं सांगते, तोपर्यंत मला सुचलंच नव्हतं की त्या यादीत त्याही असणार. मी इकडेतिकडे बघितलं आणि ती ओळ काढून टाकली. बरं वाटलं. आपण शब्द पाळला असं वाटलं.

बाकीच्या बायकांचं काय, हा विचार मनात आलाच नाही. त्याही कुणाच्या तरी समोर राहत असतील.

यादीत चुका भरपूर होत्या. कुणी बाळंतपणाला गेलेली, कुणी शेजारणीशी भांडलेली. एका घरी तर योजनावाल्या मुलीनं दुखवट्याचे चार शब्द बोलून झाल्यावर समजलं की पलीकडे खुद्द मिस्टर बोलताहेत. साहेबांनी तो किस्सा जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगितला. सगळ्या हसल्या. मीही हसले, भाजीचा डबा पुढे करता करता.

मार्चमधल्या एका शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी होती. वहिनी कामावर. मी आजींना पेज द्यायला गेले होते आणि फोन वाजला. आजी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. मी जवळ होते, उचलला.

मुलगी गोड आवाजात बोलत होती. तिनं वहिनींचं नाव घेतलं, पूर्ण. मी हं म्हटलं. "मॅडम, आपके पति के देहांत के बारे में जानकर हमें बहुत दुःख हुआ," ती म्हणाली. "ऐसे समय में आपके फ्यूचर के लिए हमारी एक स्कीम है…"

मी फोन ठेवला.

"कोणाचा गो?" आजींनी विचारलं.

"राँग नंबर, आजी."

"माज्या पोराचा तर न्हाय?"

"नाही, आजी. राँग नंबर."

रविवार कसा गेला ते मला माहीत. सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन मी जिन्यात उभी राहिले. यादी उघडली, आमची इमारत शोधली, नव्हती. मग फोन नंबर शोधला आणि तो सापडला. वहिनी मागच्या वर्षी भाईंदरला कोकणातल्या बायकांच्या मंडळाच्या हळदीकुंकवालाही गेल्या होत्या. वाण तिथेही आमचंच. त्या वहीत त्यांनी फ्लॅटचा रकाना रिकामा सोडला होता, नुसतं नाव आणि फोन. आणि ह्या वर्षी त्या तिथेही गेल्या नव्हत्या. मी इमारत बघून ओळ काढली होती. बायका एका हळदीकुंकवाला जाऊन थांबत नाहीत, पाच ठिकाणी जातात, हे मी जन्मापासून बघत आलेय. मीसुद्धा त्या वर्षी सहा ठिकाणी गेले होते. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "सर, यादीतून एक नाव काढायचंय."

"यादी गेली की," साहेब म्हणाले. "तीन पार्ट्यांना दिली. त्यांनी पुढे कुणाला दिली मला काय माहीत?"

"त्यांना कळवता येईल ना?"

"एका नावासाठी? अगं, आपण काय चोरी केलीय का? बायकांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय."

"हे नव्हतं लिहून दिलं त्यांनी, सर."

"मग? जे आहे ते खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी टेबलावरचा फोन उचलला.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. मी आजारपणाची रजा टाकली आणि नवरा कामावर गेला की समोरच्या घरात जाऊन बसायला लागले. आजींना म्हटलं, सुट्टी मिळालीय, तुमच्याकडून घावणे शिकते. आजी खूश झाल्या. मी तांदूळ भिजवायची, वाटायची, तव्याकडे बघायची आणि कान फोनकडे. घंटी वाजली की पिठाच्या हातानं धावायची. दिवसाला दोन-दोन फोन यायचे. एकदा बाई, एकदा पुरुष, एकदा मराठीत. तो मराठी माणूस फार अदबीनं बोलला, त्याचीच आई गेलीय असं वाटावं इतक्या मऊ आवाजात. मी त्याला शिव्या दिल्या, हळू आवाजात, आजींना ऐकू जाऊ नयेत म्हणून. तो म्हणाला, "ताई, मला यादी दिलीय, मी फक्त फोन करतो." मी यादी करत होते, तो फोन करत होता. त्याला काय बोलणार?

एकदा मी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. अर्ध्या तासानं आजी काठी टेकत आल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"फोन काढून ठेवलास तू?" त्या म्हणाल्या. "माजा पोर तिकडे घंट्या देत बसंल नि हितं लागायचा न्हाय. तुला काय कळतं का न्हाय गो?"

मी माफी मागितली आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. दुसरं काय करणार होते?

वहिनींना हे सगळं सांगायला हवं होतं, त्याच सोमवारी. मी नाही सांगितलं. भ्याले. आजचा दिवस निभावला, उद्या फोन थांबतील, असं करत आठवडा काढला. मग रजा संपली.

मी ऑफिसला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी दारातच उभ्या होत्या. हसत होत्या, पण नीट नाही.

"आज एक बाई हिंदीत बोलत व्हती," त्या म्हणाल्या. "आपके पति, आपके पति. मेल्याचं दुख झालं म्हनाली. मी म्हटलं, बाय, माज्या नवऱ्याला मरून वीस वर्सं झाली, तुला आता आठवन झाली?"

मी हसायचा प्रयत्न केला.

"पन नाव सुनेचं घेत व्हती," आजी म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तिचं नाव का घेत व्हती गो?"

"चुकून झालं असेल, आजी," मी म्हटलं आणि कुलूप उघडून घरात शिरले. माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना.

वहिनींना मी खालीच गाठलं, त्या गेटातून आत येत होत्या तेव्हा. पार्किंगमध्ये, जिथे त्यांनी वहीत नाव लिहिलं होतं तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. वही, यादी, साहेबांचं कौतुक, काढलेली ओळ, न काढलेली ओळ. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

"त्या फोनवाल्यांना थांबवता येईल?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"यादी कुणाकुणाकडे गेलीय मलाच माहीत नाही, वहिनी."

त्यांनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मी आईंना पाडव्यानंतर कोकणात नेणार होते," त्या म्हणाल्या. "गावी, त्यांच्या बहिणीकडे. तिथे, त्यांच्या माणसांत बसवून सांगणार होते. भावाला सुट्टी घ्यायला लावली होती." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "तू कुणाला सांगितलं नाहीस हे मला माहितीय. पण माझ्या हातात तेवढीच एक गोष्ट होती गं. कधी सांगायचं ते. तीही घेतलीस."

पुढे मी ती नोकरी सोडली, पण बाणेदारपणे नव्हे, दुसरी मिळाल्यावर सोडली. साहेबांनी निरोपाला डबीच दिली, स्टीलची. आज मोठमोठ्या कंपन्या हेच काम करतात. कोण कुठे गेलं, कोण कुठे गेलं नाही, ह्यावरून माणसाच्या घरात काय घडलंय ते ओळखतात. लोक त्याबद्दल आश्चर्यानं बोलतात, यंत्राला कसं कळतं म्हणून. मला आश्चर्य वाटत नाही. कुठल्या बाईला बोलवायचं आणि कुठल्या नाही, ही यादी आम्ही बायकांनी आधीच करून ठेवली होती, पिढ्यान् पिढ्या. मी ती फक्त कॉम्प्युटरला शिकवली. आणि त्या यादीनं शोधून दिलं कुणाला? जिनं कुंकू खोटं घेतलं नाही तिला. आली असती, माझ्यापुढे कपाळ केलं असतं, तर तिचं नाव कुणाला कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर गेल्या नाहीत. भावाला बोलावून घेतलं, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना घरात आणून बसवलं. मलाही बोलावलं. मी नको म्हणत होते. "ये," त्या म्हणाल्या, "आईंना तुझी सवय आहे."

आजी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत होत्या. वहिनी समोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी आजींचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांनी काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते त्या दोघींचं होतं आणि ते ऐकायलाही मी तिथे असायला नको होतं. आजी ओरडल्या नाहीत. त्यांचं तोंड उघडं राहिलं. डॉक्टरांनी नाडी धरली होती. मग त्या सुनेच्या कपाळावरून हात फिरवायला लागल्या, पुन्हा पुन्हा, त्या टिकलीवरूनच. "इतकं दिस," म्हणाल्या. "एकली."

मग खूप रडल्या. दोघी रडल्या. भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. मी चहा केला, तो कुणी प्यालं नाही.

रडणं ओसरल्यावर आजी बराच वेळ फोनकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मंजे त्या फोनवाल्या बाईला म्हाईत व्हतं?"

त्या आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायला लागल्या.

"परक्या बाईला म्हाईत व्हतं नि माला, त्याच्या आयशीला न्हाय? तिला कोणी सांगितलं?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. पदरानं त्यांनी आजींचा चेहरा पुसला.

"कोणी नाही सांगितलं, आई," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्यांना कळलं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. आजींनी मान हलवली, त्यांना काही समजलं नव्हतं, पण सून सांगतेय म्हणजे तसंच असेल.

तेवढ्यात फोन वाजला. आम्ही तिघींनी एकदम तिकडे बघितलं. दुसरी घंटी झाली, तिसरी झाली. आजींचा हात फोनपासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"वाजू दे," त्या म्हणाल्या.